काकांचं ‘ट्राय’

काका इंग्रजी बोलायला लागले की त्यांची दुभाषी पुतणी सावध व्हायची. मराठीत माणूस रोखठोक. साचा बनेल की नाही, पोलाद बघून तोंडावर सांगणारा. पण समोर जपानी साहेब बसले की काकांच्या अंगात इंग्रजी संचारायचं.

साहेबांनी विचारलं, बाटलीच्या झाकणांचे साचे महिनाअखेर मिळतील का. पुतणीने मराठी केलं. काका छाती फुगवून थेट साहेबांनाच म्हणाले, “वुई विल ट्राय.”

साहेब तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

‘ट्राय’चं जपानी तिला येत होतं, चांगलं येत होतं. पण जपानात बैठकीत कुणी ‘प्रयत्न करतो’ म्हटलं, की ऐकणारा तो नकार समजतो आणि अदबीने उठतो. साहेब उठले असते तर काम गेलं असतं. बाहेर काकांची दोन यंत्रं कामावाचून ताडपत्रीखाली झोपली होती.

“यारिमास,” ती म्हणाली. म्हणजे करतो. संपलं. साहेबांनी मान लववली.

काकांना तिने हे सांगितलं नाही. शिव्या कोण खाणार? काकांचं वाकडं बोलणं सरळ करून पुढे सरकवायचं, ही तिची जुनी सवय. तिला ती कौशल्य म्हणायची. शिकलेल्या माणसाकडे आपल्या खोट्यासाठी एखादा छान शब्द असतोच.

काका महिनाभर आपल्या चालीने काम करत राहिले. महिना संपला, साचे अर्धे. साहेब स्वतः आले. इथल्या होकारावर विसंबून दुसऱ्या साचेवाल्याला त्यांनीच नकार कळवला होता आणि आता तिकडे त्यांचा कारखाना ठप्प होता.

“मी ट्राय म्हणालो होतो,” काका खुर्चीतूनच म्हणाले. “विचार त्याला.”

विचारायची वेळच आली नाही. साहेब उठले, काकांपुढे कमरेत वाकले आणि हळू आवाजात बोलले.

“काय म्हणतोय?”

“म्हणतायत, ट्राय मीही ऐकलं होतं. तरी होकार धरून बसलो. चूक माझी.”

साहेबांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी चारचौघांत तिची सालटी काढली असती, तर ती सुटली असती.

“काका, चूक त्यांची नाही. मीच त्यांना ‘करतो’ म्हणून सांगितलं.”

काकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तो स्वतःची म्हणतोय ना? मग तुला कशाला आत्ता कंठ फुटला? काम गेलं तर तू पोसणार आहेस का सगळ्यांना? सांग त्याला, चालायचंच. म्हणावं, आम्ही मनात ठेवत नाही.”

साहेब अजून वाकलेलेच होते. विरळ पांढऱ्या केसांतून टाळू दिसत होती.

तिने सांगितलं. चालायचंच, आम्ही मनात ठेवत नाही, असं. एक अक्षर इकडचं तिकडे न करता.

साहेब सरळ झाले आणि त्यांनी आभार मानले. तेही काकांना मराठीत करून द्यावं लागलं.