आतली कडी

दुकानात फरशी, नळ, आरसा सगळं तासाभरात ठरलं, कारण मी कशालाच नाही म्हणत नव्हते. सुनेला राखाडी फरशी हवी होती, मी म्हटलं छान. मुलाला ती खरखरीत हवी होती, मी म्हटलं त्याहून छान. खरं तर तिच्यावर टाचा घासून निघाल्या असत्या, पण मी जीभ आवरली. मला एकच गोष्ट हवी होती. नव्या बाथरूमच्या दाराला आतून कडी.

गेले तीन महिने आमच्या बाथरूमला कडी नाही. मी अंघोळीला बसले की मुलगा बाहेर उभा राहून दर दोन मिनिटांनी हाक मारतो. "आई?" मी ओ द्यायची. तोंडाला साबण असला तरी ओ द्यायची. पासष्ट वर्षांच्या बाईला अंगावर पाणी घेताना "आहे, आहे, जिवंत आहे" असं ओरडावं लागतं, याला अंघोळ म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात.

त्याचं म्हणणं साधं आहे. तीन महिन्यांपूर्वी मी आत पडले, कडी आतून लागलेली, म्हणून दार तोडावं लागलं. पडल्यामुळे माझं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि कडीमुळे मदत उशिरा पोचली. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, डॉक्टरांना त्याने हेच सांगितलं. मीही मान डोलावली.

खरी गोष्ट वेगळी आहे. मी पडलेच नव्हते. चक्कर आली म्हणून खाली बसले आणि दाराला टेकले. कडी लावायची राहूनच गेली होती. बादलीत नळ धो धो सुटलेला. त्याने हाका मारल्या, दार ढकललं, माझ्या वजनाने ते हललं नाही. मी "थांब" म्हणाले. मग त्याची लाथ बसली आणि दाराची कड माझ्या खांद्यावर आदळली. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. एकुलता एक मुलगा, त्यात घाबरट. आईचं हाड आपण मोडलं हे कळलं तर हा जेवायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या मुठीपायी माझी कडी गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"आता फक्त दाराचं सामान राहिलं," दुकानदार म्हणाला. भिंतीवरच्या फळीवर वीसेक कड्या ठोकलेल्या होत्या, पितळी, स्टीलच्या, काळ्या. "सुताराचा दोनदा फोन आला. दुपारी दार बसवायचंय त्याला."

"दाराला मूठ फक्त," मुलगा म्हणाला. "कडी नको."

"एक छोटीशी लावू या की," मी म्हटलं.

"आई, पुन्हा तेच?"

"अहो, बाहेरूनही उघडता येते तसली मिळते ना," सून म्हणाली. "आईंना संकोच वाटतो. मलाही वाटतो. मी सांगत नाही इतकंच."

"संकोच!" त्याचा आवाज चढला. शेजारी वॉशबेसिन बघणारं जोडपं वळून पाहू लागलं. "कडी नसती तर त्या दिवशी मी तिच्यापर्यंत लगेच पोचलो असतो. तुला काय माहीत, तू घरात नव्हतीस!"

आमचे मिस्त्री नळाचं तोंड फिरवून बघत होते. त्यांनी मान वर केली. "साहेब, जुनं दार मीच उतरवलं. कडी तर सरळ होती. चौकटीतलं भोकही जसंच्या तसं. दार तुटलं ते खालून. कडी लागलेली असती तर..."

"मिस्त्री, तुम्हाला नळ बघायला आणलंय का दार?" मी खेकसले. सहा वर्षांत मी त्या माणसाशी वेडंवाकडं बोलले नव्हते. ते बिचारे पुन्हा नळाकडे वळले. "आणि कडी नको. राहू दे. मूठ घ्या आणि निघा. माझे पाय दुखतायत."

सून माझ्याकडे बघतच राहिली. सकाळपासून जिच्यासाठी मी झुरत होते, ती कडी मी एका दमात सोडली होती. मुलगाही बघत होता. तो हळूच जवळ आला.

"मिस्त्रींना का गप्प केलंस?"

"उगाच बडबडतात."

"कडी लागलेली नव्हती, ना?"

"होती. मीच लावली होती. मला चांगलं आठवतंय."

"आई, नव्हती." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मला तेव्हाच कळलं. लाथ बसली आणि दार कडी न तुटता वीतभर आत गेलं, तेव्हाच. आणि तू थांब म्हणालीस ना, तेही ऐकलं मी. पाय उचलला होता गं. आवरता नाही आला."

म्हणजे तीन महिने आम्ही दोघंही मिठाची गुळणी धरून बसलो होतो. मी त्याच्यासाठी, तो स्वतःसाठी. मला दया यायला हवी होती. मला राग आला, इतका की कानशिलं तापली.

तो मिस्त्रींकडे वळला. "सुताराला सांगा, दार बाहेर उघडणारं करा. आणि कडी बसवा, आईला आवडेल ती." मग सुनेकडे न बघता म्हणाला, "आई दाराला टेकून बसली होती. हाड माझ्या लाथेने मोडलं."

सुनेच्या हातातला फरशीचा तुकडा तसाच राहिला. दुकानदार उगाच कागद चाळू लागला. मिस्त्रींनी मान खाली घातली. जाऊ दे रे, होतं असं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. आई झाल्यापासून तेच म्हणत आले आहे. ते मी गिळलं.

"लागलं रे मला," मी म्हणाले. "फार लागलं."

"हो," तो म्हणाला.