पेवाकडचं बोट

दुर्गाघाटावर वासुदेवशास्त्र्यांकडे उतरणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला जेवणाआधी भिंतीवरचं चित्र पाहावंच लागे. पेशवाईतले घोडेस्वार, मागे दुभंगलेली दीपमाळ, एका बाजूला दाटीनं उभे गावकरी आणि मधोमध भिकबाळी घातलेला, हात पुढे केलेला ब्राह्मण. "हे आमचे मूळपुरुष," शास्त्री सांगत. "फौजेला आशीर्वाद दिला. सरदारानं खूश होऊन हे चित्र काढवलं, वर काशीत हे घर दिलं."

सून इंदू लग्न होऊन आल्यापासून ही कथा ऐकत होती. चित्रावरची धूळ पुसताना तिला एक गोष्ट खटके. आशीर्वादाचा हात असा जमिनीकडे का? पण मामंजींना विचारायची सोय नव्हती.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. पितृपक्षात खानदेशातून रत्नाकर पाटील वडिलांचं श्राद्ध करायला आले. चित्र पाहताच थबकले.

"ही दीपमाळ आमच्या गावची. वीज पडून दुभंगलेली. अजून तशीच उभी आहे."

शास्त्री हरखले. "म्हणजे आपण एका गावचे!"

"हो." पाटलांचा आवाज उतरला. "गुरुजी, हा आशीर्वाद नव्हे. बोट बघा. तिथं जमिनीखाली धान्याचं पेव आहे."

"फौजेला धान्य दाखवलं असेल. त्यात काय?"

"धान्य केव्हाच संपलं होतं. पेवात बायका-पोरं लपली होती. फौजेनं पेवाच्या तोंडावर कडबा टाकून पेटवून दिला. त्या जागेवर आजही कुणी नांगर घालत नाही."

वाढता वाढता इंदूचा हात थांबला. भर उन्हातल्या चित्रात एका शिपायाच्या हाती मशाल होती. गावकऱ्यांत बाई नव्हती, मूल नव्हतं. आणि त्यातला एकही जण घोडेस्वारांकडे बघत नव्हता. सगळे त्या ब्राह्मणाकडे बघत होते.

"गावगप्पा!" शास्त्री कडाडले.

पाटील पाटावर बसलेच नाहीत. "तुमच्या हातचं पाणी माझ्या वडिलांना पोचायचं नाही," एवढं बोलून पिशवी उचलून गल्लीत उतरले.

रात्री इंदूनं नवऱ्याजवळ तो विषय काढला. प्रल्हाद बँकेत होता. तो म्हणाला, "जाऊ दे गं, दोनशे वर्षं झाली." पण चूल पेटवली की धूर विरेपर्यंत इंदू दाराबाहेर जाऊन उभी राही.

मग नागपूरचं एक जोडपं उतरलं. बाईंनी विचारलं, "हे कोण हो?" शास्त्र्यांनी घसा साफ केला.

"मामंजी," इंदू म्हणाली, "खरं सांगा. नाहीतर मी सांगते."

शास्त्र्यांनी चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कोण जाणे," ते सहज म्हणाले. "कुणीतरी आणून टाकलंय. आमच्या घराण्यातलं कुणी नव्हे. बसा, पानं वाढलीत."

आवाज जराही हलला नाही. जन्मभर मिरवलेला पूर्वज एका वाक्यात परका झाला होता. इंदूला त्या चित्राची वाटली नव्हती एवढी भीती आता समोर बसलेल्या माणसाची वाटली.

"मंगला गौरीच्या देवळापाशी वेगळं बिऱ्हाड बघ," संध्याकाळी ती प्रल्हादला म्हणाली. तो हसला. मग तिचा चेहरा पाहून दुसऱ्याच दिवशी खोल्या बघू लागला. दिवाळीपूर्वी ती दोघं तिकडे राहायला गेली.