वरणाची बादली आणि भैयाजीचं पान

मी वरणाची बादली बोलतेय. हो, बादलीच. पितळेची नव्हे हो, साधी स्टीलची. म्हातारी म्हटली की लोकांना लगेच पितळ आठवतं. मी काही कुणाच्या आजोबांच्या काळातली नाही, पण निम्म्या गावाला मी जेवू घातलंय, तेव्हा दोन शब्द बोलायचा मला हक्क आहे.

नागभीडच्या जवळ, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, आमचं गाव. चाळीसेक वर्षांपूर्वी गावातल्या पोरांनी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवसांत नाटक बसवलं. त्यातून जे पैसे उरले, त्यांचं काय करायचं म्हणून चार दिवस भांडले आणि शेवटी नागभीडच्या बाजारातून गावासाठी भांडी घेतली. गंज, पराती, झारे, पळ्या आणि आम्ही सहा बादल्या. प्रत्येकीच्या पोटावर ठोकून ठोकून अक्षरं काढली, ‘गावची भांडी’. पाच जणी आता कुठे आहेत, विचारू नका. एक विहिरीत पडली, एकीत कुणी सिमेंट कालवलं. राहिली मी.

भांडी ठेवली चैतूच्या पडवीत. चैतू तेव्हा तरणाबांड होता आणि त्याची पडवी कोरडी होती, एवढंच कारण. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, माणूस यायचा, भांडी मोजून न्यायचा, घासून परत आणायचा. मी कायम वरणाची. भाजीसाठी दुसरी होती. वरणाला मीच लागायची, कारण माझी कडी हाताला रुतत नाही असं सगळे म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे.

पंगत ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. मांडवात दोन्ही बाजूंनी पट्ट्या अंथरायच्या. जंगलाकडच्या गावांतून मोहाच्या पानांच्या पत्रावळी यायच्या. ज्याची जागा जिथे, तो तिथेच बसायचा, सांगावं लागत नसे. मग मीठ, भाजी, भात आणि मग मी. माणसं वर बघत नसत, पण त्यांच्या हातावरून मला माणूस कळायचा. कुणी भाताला मधोमध खड्डा करून वाट बघायचा. कुणी ‘बस बस’ म्हणत हात आडवा धरायचा आणि बोटं मात्र फाकवून ठेवायचा. दसरू नावाचा एक जण तर एवढं वरण घ्यायचा की पत्रावळीतून निघून ते शेजाऱ्याच्या मांडीपर्यंत जायचं. शेजारी दरवेळी ओरडायचा आणि पुढच्या लग्नात पुन्हा त्याच्याच शेजारी बसायचा.

सगळं छान होतं असं नाही म्हणणार मी. खोटं कशाला बोलू? बायांची पंगत शेवटी बसायची. सकाळपासून चुलीपुढे भाजलेल्या बाया दुपार कलल्यावर जेवायच्या, आणि त्यांच्या पानावर मी यायची तेव्हा माझ्या तळाशी पाणी घातलेलं थंड वरण असायचं. शेजारची सुगंधाबाई एकदा म्हणाली होती, “या बादलीतलं गरम वरण कसं लागते, मले आजलोक मालूम नाई.” मला फार लाज वाटली होती.

पंगतीचा आमच्याकडे एक कायदा होता. पहिल्या पंगतीत वरण घरधन्याने स्वतः वाढायचं. आणि रांगेत जो सगळ्यात मोठा, त्याने भात कालवल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. तो उठला की सारे उठणार. या कायद्यापायीच पुढचं सगळं घडलं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. चैतूच्या मोठ्या मुलाचं, अजयचं लग्न. पहिली पंगत बसली, साठ पानं. सगळ्यात मोठा म्हणून चैतूचा थोरला भाऊ भैयाजी मधल्या जागेवर. दोघा भावांचं असं होतं की एकाची नांगरट झाली नाही तर दुसरा झोपत नसे. चैतूने मला उचललं आणि एका टोकापासून वाढत सुटला. घाम गळत होता, पण चेहरा असा फुलला होता की काय सांगू.

भैयाजीच्या पानाशी आलो आणि मी रिकामी झाले. पळी तळाला खर्रकन घासली. भैयाजीने भाताला खड्डा करून ठेवला होता. चैतू म्हणाला, “आलो भाऊ,” आणि भरायला वळला.

वाटेत व्याह्यांनी हाक मारली. चैतूने मला खाली ठेवलं, बोलायला थांबला. बोलता बोलता आहेराचं निघालं, मग वऱ्हाडाच्या गाडीचं. घरधनी अडकला म्हणून एका पोराने दुसरी बादली घेऊन भैयाजीच्या पुढच्या पानापासून वाढायला घेतलं, कारण इथपर्यंत झालं असं त्याला वाटलं. साठांपैकी एकोणसाठ पानांवर वरण आलं. मी तिथे जमिनीवर बसून सगळं बघत होते. मला पाय असते तर मी गेले असते.

सारी रांग हात आवरून बसली होती. बराच वेळ. मग भैयाजीने पत्रावळ दुमडली आणि उठला. त्याच्यामागून एकोणसाठ जण उठले. वाढलेलं अन्न तसंच राहिलं. मुलाच्या लग्नात अख्खी पंगत उपाशी उठली, यापेक्षा मोठी फजिती बापाची कोणती?

तेव्हापासून भाऊ भावाशी बोलेना. चैतू ज्याला त्याला सांगायचा, “बादली रिकामी झाली होती, त्याच्यात माहा काय कसूर?” आणि भैयाजी काहीच सांगायचा नाही. बांधाला बांध लागून, पण एक इकडे बघून पाणी द्यायचा, एक तिकडे बघून. गावात लग्न असलं की लोक आधी विचारायचे, चैतू वाढणार आहे का? असला तर भैयाजी अक्षता टाकून घरी जायचा.

अकरा वर्षं मी पडवीत पडून एकच घोकत राहिले. मी रिकामी झाले नसते तर. एक पळीभर वरण माझ्या तळाशी असतं तर.

तोवर बुफे आला. आधी लोक हसले, मग सगळ्यांनीच धरला. कुणाला मानाची जागा नको, कुणाचं पान चुकायला नको, रुसणाऱ्याने मांडवाच्या त्या कोपऱ्यात उभं राहावं, फुगणाऱ्याने या. बायाही पुरुषांसोबतच जेवू लागल्या. सुगंधाबाईने पहिल्यांदा गरम वरण खाल्लं ते बुफेत. माझं काम गेलं, पण तेवढ्यासाठी मी बुफेला शिव्या देणार नाही.

यंदाच्या वैशाखात चैतूच्या मुलीचं, रंजीताचं लग्न ठरलं. ही रंजीता नागपूरला हॉटेलचं शिकली आणि मोठ्या प्रवासी जहाजावर कामाला लागली. जेवणघरात वाढायला. लग्नाआधी महिनाभर सुटीवर आली, तेव्हा पडवीतच बसून आईशी, केसरबाईशी बोलत होती. मी खुंटीवरून ऐकत होते.

“आई, जहाजावर दोन तऱ्हेनं जेवन असते. एक ठरलेलं. तोच टेबल, तीच वेळ, तेच शेजारी, अन् वाढनारी मीच. दुसरं मोकळं. मनात आलं तवा जायचं, दिसन तिथी बसायचं.”

“मंजे पंगत अन् बुफे,” केसरबाई म्हणाली.

“तसंच समज.”

“लोकं कोनतं घेतात?”

“जवान लोकं मोकळं घेतात. काऊन की ठरलेल्यात शेजारी बेकार भेटला त सारा प्रवास त्याचंच तोंड पाहा लागते. लोकं येऊन मले सांगतात, आमचा टेबल बदलून दे.” ती हसली. मग म्हणाली, “पन एक म्हातारा होता, एकटाच. रोज साडेसहाले माह्या टेबलावर. एक दिवस आला नाई. शेजारच्या बाईनं मले पाठवलं पाहाले. त खोलीत तापानं पडून होता. मोकळ्या जेवनात कोनाले समजलं असतं?”

केसरबाई थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली. “मंग आपन पंगतच करू.”

चैतू दारातच उभा होता. “नाई,” तो म्हणाला. “पंगत केली त भाऊ बसनार नाई. बुफे ठेवा. त्याले वाटन तवा येईन, वाटन तिथी उभा राहीन. पन माह्या पोरीच्या लग्नात जेवून जाईन.”

रंजीता बापाकडे बघत राहिली. भैयाजी म्हणजे तिचे मोठे बाबा. त्यांच्या खांद्यावर बसून तिने सगळी मंडई पाहिलेली. ती स्वतः जाऊन त्यांना सांगून आली. म्हणाले, “येईन. जेवनाचं पाहू.” घरात सगळ्यांना लग्नाचे शंभर घोर असतात, इथे एकच होता. मोठे बाबा जेवतील का?

लग्नाच्या दिवशी सकाळी अकराला अक्षता पडल्या. भैयाजी आला, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. केटररची टोपीवाली पोरं खालून जाळ लावलेल्या चकचकीत भांड्यांमागे उभी होती. गर्दी अशी उसळली की वरण संपत आलं आणि मागच्या चुलीवरून आणायला भांडं मिळेना. केसरबाईने मला खुंटीवरून काढलं, खसखसून घासलं, आणि चैतूने गरम वरण भरून उचललं. किती वर्षांनी हो! कडी त्याच्या हातात बसली आणि मला बरं वाटलं.

मांडवाच्या मागे मोहाचं झाड आहे. त्याखाली भैयाजी मांडी घालून बसला होता. पुढ्यात ताटली, कोरी करकरीत. माणूस अख्ख्या रांगेतून ताटली घेऊन चालत गेला होता आणि काहीच न घेता बाहेर आला होता.

चैतू थबकला. परत वळेल असं मला वाटलं. वळला नाही.

“भाऊ, जेवला नाई?”

भैयाजी ताटलीकडे बघत म्हणाला, “कोनी वाढलं नाई.”

“इथी सोताच्या हातानं घ्या लागते.”

“मले नाई जमत. लग्नात आपल्याच हातानं आपलं ताट भरनं, मले लाज वाटते.”

मग अकरा वर्षं साऱ्या गावाला सांगितलेलं वाक्य चैतूने पहिल्यांदा भावाला सांगितलं. “त्या दिवशी बादली रिकामी झाली होती, भाऊ.”

“मालूम हाय मले. मी वाकून पाह्यली होती.”

माझ्या अंगातलं वरण हललं. त्याला माहीत होतं! आणि मी इकडे अकरा वर्षं स्वतःला खात बसले होते.

चैतूचा आवाज चढला. “मंग काऊन उठला? माह्या पोराच्या लग्नात साठ मानसं उपाशी उठवली.”

“तू आलो म्हनून गेला. लोकं म्हनत, भैयाजी जेवा. मी म्हनो, थांबा, चैतू येऊन राह्यला. दोनदा म्हनलो, तीनदा म्हनलो. तू तिकडं व्याह्यापाशी हासून राह्यला होता. मले बसल्या जागेवरून दिसत होता.” त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “लोकांच्या नजरेत मी खोटा पडलो. तू येशीन म्हनून सांगत होतो मी.”

चैतूने मला खाली ठेवलं आणि स्वतःही मातीत बसला. साठी ओलांडलेला माणूस, मुलीचा बाप, नवं धोतर मातीत मळलं.

“मी विसरलो होतो, भाऊ,” तो म्हणाला. “बादलीचं उगीच सांगत फिरलो. मी तुले विसरलो होतो.”

एवढंच. हेच त्या दिवशी म्हणाला असता तर? पण माणसाला भांड्याचा दोष सांगणं सोपं जातं. मी भांडं आहे, मला विचारा.

भैयाजीने ताटली पुढे सरकवली. “जाय, भात आन. नुसतं वरन कोनी वाढते का?”

चैतू उठून धावलाच. मी भैयाजीजवळ राहिले. तो मांडवाकडे बघत होता, मीही. चैतूने परातीतून भात घेतला, वळला, आणि रंजीताच्या सासऱ्यांनी, वरोऱ्याच्या नव्या व्याह्यांनी त्याला हाक मारली. मोठ्याने मारली. माझा जीव टांगणीला लागला. चैतूने लांबूनच हात जोडले आणि तो सरळ झाडाखाली आला.

भात वाढला. भैयाजीने खड्डा केला. चैतूने मला वाकवलं आणि पळी बुडवली. भैयाजी डोळे पुसत जेवला, आणि मीठ कमी आहे असंही म्हणाला. थोड्या वेळाने शालू सावरत रंजीता आली आणि दोघांच्या मधे मातीतच बसली. “मले पन वाढा,” ती म्हणाली.

रंजीता आता परत जहाजावर आहे. गावात लग्नं बुफेचीच होतात, आणि होऊ द्या. मी खुंटीवर आहे, कडीचा एक कान सैल झालाय, कुणी जोडून देईल तर बरं. मला पुन्हा पंगतीत फिरवा असा हट्ट नाही माझा. लोकांनी बसून खावं की उभं राहून, हे बादलीने का सांगावं?

एकच मागते. तुम्हीही कधीतरी कुणाला ‘आलो’ म्हणून गेला असाल आणि मधेच कुणीतरी हाक मारली असेल. दहा वर्षं झाली असतील, वीस झाली असतील. तरी जा. तुम्ही येणार म्हणून तो लोकांना सांगत बसला होता.