मावशीचा सूर आणि यंत्राचा वेग

मीटरचे काटे एका रेषेत आल्याशिवाय मी रेकॉर्डिंगला हात लावत नाही. आमच्या नुकुअलोफा शहरात मला यावरून हेकट म्हणतात. म्हणू देत. आठ ट्रॅकचं यंत्र आहे ते, दारावरची घंटा नव्हे.

त्या दिवशी हापाइ बेटांवरून कालोलाइन मावशी चर्चचे गायक घेऊन आली. त्यांचा बँड ख्रिसमसलाच माझ्याकडे टेपवर वाजवून गेला होता. त्यातली निम्मी पोरं सुट्टीपुरती ऑकलंडहून आलेली, लगेच परत कामावर गेली. कॉर्नेट वाजवणारा फोलाऊ, मावशीचा एकुलता एक, त्यांतलाच. त्याच्या कॉर्नेटवर आपला आवाज चढावा, मायलेक एका टेपवर यावेत, एवढंच तिला हवं होतं. संध्याकाळची बोट गाठायची होती.

मी टेस्ट टोन लावला. एकच शिट्टी, अखंड. एकेका ट्रॅकचा स्क्रू फिरवत बसलो. बाहेर मंडळी लू, म्हणजे अळूच्या पानात भाजलेलं मटण, खात, गळे साफ करत बसली होती. दुपार झाली.

"झालं का रे, मानासे? की बोटीवर येऊन रेकॉर्ड करतोस?"

"मावशी, घाईनं काम बिघडतं."

बिघडायचं ते बिघडलंच. गायला उभे राहिले तर सगळेच्या सगळे बँडच्या सुरापेक्षा वर. हेडफोन एकच, तो मावशीच्या कानावर. ती सूर द्यायची, हे दोन ओळींत पुन्हा वर सरकायचे. माझं डोकं फिरलं.

"कान घरी ठेवून आलात का?"

"कान इथंच आहेत," मावशी म्हणाली. "सकाळपासून तुझी शिट्टी भरलीय त्यांत."

खोटं नव्हतं. चढलेले गळे खाली येईनात आणि निम्मा बँड तर ऑकलंडला. शेवटी जन्मात केलं नव्हतं ते केलं: नीट लावलेला वेग मुद्दाम वाढवला. टेप जरा जलद फिरली, बँडचा सूर गायकांपर्यंत चढला, आणि पहिल्याच फटक्यात गाणं झालं. माझा जीव नुसता चडफडला.

मग वेग होता तसा करून ऐकवलं. बँड आपल्या जागी उतरला, त्याच्याबरोबर गाणाऱ्यांचे आवाजही उतरले. मधली ओळ मावशीची एकटीची, मागे फोलाऊचा कॉर्नेट. ती हेडफोन दाबून ऐकत होती. डोळे भरले होते.

"घरात बसून वाजवतोय बघ," ती म्हणाली. मग हेडफोन काढून, "मी मात्र म्हातारी वाटते रे."

"वेग उतरवला ना, म्हणून आवाज जाड झालाय. पुन्हा वाढवू? तरुण होशील."

"नको." तिनं नाक पुसलं. "कॅसेट करून अशीच पाठव त्याला. फोनवर मी ठणठणीत आहे म्हणते, आणि तो येणं पुढं ढकलतो. ऐकू दे एकदा."