अपेक्षाचा होकार

दौलतकाकांनी फाइल टेबलावर आपटली, खुर्ची ओढली आणि बसले.

"आता बोला," ते म्हणाले. "आमच्या पोरीचा आजार त्या कंपनीला कुणी सांगितला?"

टेबलापलीकडच्या कर्णिकांनी फाइल सरळ केली. परळच्या या सरकारी कक्षात त्यांचं काम एवढंच होतं, की रुग्णांची माहिती एका संगणकातून दुसऱ्या संगणकात जाताना कुणी घोळ तर करत नाही ना, यावर नजर ठेवायची. काकांशेजारी बसलेल्या अपेक्षाची ही चौथी खेप. दवाखान्याने कंपनीकडे बोट दाखवलं होतं, कंपनीने दवाखान्याकडे. कर्णिकांनी तीन खेपा 'चौकशी चालू आहे' म्हणून घालवल्या होत्या. आज लेखी उत्तर मिळाल्याशिवाय उठायचं नाही, असं काका लालबागहून निघतानाच बजावून आले होते.

सतराव्या वर्षी अपेक्षाला टीबी झाला होता. आठ महिने गोळ्या घेतल्या, बरी झाली, त्याला आता नऊ वर्षं झाली. चाळीत कुणाला पत्ता लागू नये म्हणून आईने ती कणकवलीला मामाकडे शिकायला गेली असं सांगितलं होतं, आणि पोर मात्र घरात दाराआड खोकत होती. काका तिला भल्या पहाटे स्कूटरवरून शिवडीच्या टीबी रुग्णालयात न्यायचे. आई-बाबा सोडले तर ही गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक होती, आणि नऊ वर्षांत त्यांनी ती स्वतःच्या बायकोलाही कळू दिली नव्हती.

यंदा एप्रिलमध्ये दादरच्या एका बालवाडीने तिला निवडलं. नेमणुकीचं पत्र हातात पडलं, साडीसुद्धा घेऊन झाली. मग बालवाडीसाठी वैद्यकीय तपासणी करणाऱ्या कंपनीने तिच्या आरोग्य कार्डावरून जुने कागद उघडले आणि शेरा मारून टाकला, 'लहान मुलांमध्ये काम करण्यास अयोग्य'. छातीचा नवा एक्स-रे स्वच्छ होता. तो बघायची तसदी कुणी घेतली नाही. तो शेरा आठवला की आजही तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आजार तिचा, छाती तिची, आणि निकाल लावणारा कोण, तर तिला कधी डोळ्यांनीही न पाहिलेला माणूस.

एकच आशा उरली होती. माहिती तिच्या परवानगीवाचून घेतली असं ठरलं, तर कक्ष तो शेरा रद्द करून नव्याने तपासणी करायला लावू शकत होता. बालवाडीच्या बाईंनी सोमवारपर्यंत जागा धरून ठेवली होती. आज शुक्रवार होता.

"तुमची परवानगी घेतलेली आहे," कर्णिक म्हणाले.

"मी दिलेली नाही."

"नोंद आहे. नऊ एप्रिल, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. फोनवर सहा आकडे पाठवले, ते बरोबर टाकले गेले."

"खोटी नोंद आहे," काका उसळले. "तुमचीच माणसं टाकत असणार. सगळे एका माळेचे मणी. कुठल्या फोनवर पाठवले ते दाखवा. दाखवाच तुम्ही."

कर्णिकांनी पडदा त्यांच्याकडे वळवला.

अपेक्षाने नंबर वाचला. सातवीत असल्यापासून तो तिला पाठ होता. सहलीला जाताना, क्लासच्या फॉर्मवर, अडीअडचणीला म्हणून तिने कायम तोच लिहिला होता. तिने काकांकडे पाहिलं. त्यांचं तोंड अजून उघडंच होतं, पण आवाज कुठच्या कुठे गेला होता.

मग ते बोलायला लागले, कर्णिकांशी नाही आणि तिच्याशीही नाही, टेबलाशीच बोलावं तसं. दोन वर्षांपूर्वी चाळीच्या मंडळात आरोग्य कार्डांचं शिबिर भरलं होतं. लाईन पार जिन्यापर्यंत गेली होती. कुणाचा फोन बंद, कुणाचा चाळीत विसरलेला, म्हाताऱ्यांकडे तर फोनच नाही. माणसं खोळंबली म्हणून काकांनी आपलाच नंबर देऊन टाकला, सगळ्यांसाठी. अपेक्षा तेव्हा घरी नव्हती. तिचं आधार कार्ड तिच्या आईकडून मागून आणलं. पुढे मधूनमधून इंग्रजीत संदेश यायचे. आकडे नाही टाकले तर बिचाऱ्यांची कार्डं बंद पडायची, म्हणून आला संदेश की ते आकडे टाकायचे.

"चांगल्यासाठीच केलं गो," ते शेवटी म्हणाले.

अपेक्षाला त्यांचा राग आला, इतका की कानशिलं तापली, आणि तो राग कुठे ठेवावा हे तिला कळेना. याच माणसाने शिवडीच्या त्या फाटकाबाहेर दोन-दोन तास उन्हात तिची वाट पाहिली होती.

"या नंबरावर अजून त्र्याऐंशी कार्डं आहेत," कर्णिक म्हणाले. आपल्यावरचं बालंट टळल्याचं समाधान त्यांना लपवता आलं नाही.

त्र्याऐंशी. म्हणजे तळमजल्यावरच्या सुंदराबाई आल्या, लवू मास्तर आले, गेल्या वर्षी ज्यांचं मूल पोटातच गेलं त्या प्रितीवहिनी आल्या. सगळ्यांच्या वतीने काकांनी हो म्हटलं होतं. कुणाकुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"एका फोनवरून चौऱ्याऐंशी माणसं हो म्हणतात," अपेक्षा म्हणाली, "आणि तुमच्या लक्षात येत नाही?"

"होकार आला की नाही, ते आम्ही तपासतो. कुणाच्या बोटाने आला, ते यंत्राला दिसत नाही."

"ते दिसावं म्हणून तर तुम्हाला इथे बसवलंय ना?"

कर्णिकांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा बोलले तेव्हा आवाजात गोडवा आला होता. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. परवानगी माझी नव्हती, असा जबाब ती देऊ शकते. शेरा बहुतेक रद्द होईल, पण मग तिच्या नावाने होकार देणाऱ्यावर प्रकरण उभं राहील, कदाचित पोलिसांत जाईल. नाहीतर जे झालं ते मान्य करून तक्रार मागे घ्यायची. यापुढे तिचे कागद कुणालाच दिसणार नाहीत असं ते आत्ता, पाच मिनिटांत करून देतील. घरातलं घरात राहील. नोकऱ्या काय, आणखी मिळतात.

"तेच बरं," काका घाईघाईने म्हणाले. "बंद करून टाका."

कर्णिकांनी कळफलकावर काहीतरी दाबलं. काकांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला, चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि वाचायला सुरुवात केली.

"घ्या. चार, सात, शून्य..."

अपेक्षाने फोनवर हात ठेवला.

काकांना आधी काही समजलं नाही. फोन आपल्याकडे ओढायला त्यांचा हात हललासुद्धा. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात सोडला. फोन टेबलावर तसाच राहिला, थोड्या वेळाने त्याचा उजेड गेला.

"ती परवानगी माझी नव्हती," ती कर्णिकांना म्हणाली. "लिहून घ्या."

"नीट विचार करा. घरचं माणूस आहे."

"लिहून घ्या."

कर्णिकांनी नाराजीनेच खणातून कोरा कागद काढला. तारीख घातली, तिचं नाव घातलं, वय, पत्ता. खाली एक ओळ लिहून ते थांबले.

"कुणी दिली होती मग? नाव सांगावं लागेल."

अपेक्षाची नजर टेबलावरच्या फोनवर गेली. काका खुर्चीत सावरून बसले. घसा खाकरला. ते कर्णिकांकडे वळले, आणि मग परत तिच्याकडे.

"सांगू?" त्यांनी विचारलं.

काका वाट बघत राहिले. मग तिने होकाराची मान हलवली.