हात असलेल्या खुर्च्या

लठ्ठपणावर प्राथमिक संशोधन करणाऱ्या त्या केंद्राच्या प्रतीक्षालयात भिंतीलगत खुर्च्यांची एक रांग होती आणि रांगेतल्या प्रत्येक खुर्चीला हात होते. संचालकांनी त्या स्वतः निवडल्या होत्या. गडद निळ्या, सडपातळ, पायांशी किंचित निमुळत्या. रिकाम्या असताना नुसते पाहत राहावे अशा. आणि त्या बहुधा रिकाम्याच असत, कारण ज्यांच्यासाठी हे केंद्र उघडले होते, ती माणसे त्यांत मावत नसत. ती भिंतीला टेकून उभी राहत, खिडकीबाहेरच्या पार्किंगमध्ये काहीतरी गहन शोधत, आणि बसा म्हटले की सगळी एकच वाक्य म्हणत, "नको, बसून बसूनच कंटाळा आलाय."

संचालकांना या वाक्यात विज्ञानाची पहाट दिसे.

"बघितलंत? आपली वजन उतरवणारी भुकटी सुरू केल्यापासून माणसं बसायलाच तयार नाहीत," ते म्हणत. आणि म्हणून अहवालाच्या मसुद्यात एक ओळ आली होती: सहभागी व्यक्तींमध्ये उभे राहण्याची प्रवृत्ती लक्षणीयरीत्या वाढल्याचे आढळले.

ती ओळ चिमणीने टंकली होती. चिमणी हे तिचे घरचे नाव. मावशीने ते ठेवले तेव्हा ती खरोखरच ओंजळीत मावेल एवढी होती. पुढे तिने नावाला न जुमानता वाढायचे ठरवले. आता ती केंद्राची संशोधन सहायक होती. वजने तीच घेई, आकडेमोड तीच करी, आणि बैठकीत सर्वांत मागे, उभी राही. आपल्या खोलीत मात्र तिने घरून आणलेले रुंद, बिनहातांचे स्टूल ठेवले होते. त्या स्टुलाचा आणि प्रतीक्षालयातल्या उभ्या माणसांचा काही संबंध असावा, हे तिला कधी सुचले नव्हते. जे आपल्याच अंगाला रोज टोचते, त्याला निष्कर्ष म्हणावे हे माणसाला शेवटी सुचते.

संशोधन साधे होते. सकाळच्या न्याहारीऐवजी पाण्यात कालवलेली भुकटी घ्यायची आणि दर महिन्याला काट्यावर उभे राहायचे. सहा महिन्यांनी गटाचे सरासरी वजन अकरा किलोंनी उतरले. संचालक हर्षाने वितळले. ते स्वतः इतके कृश होते की वितळण्याजोगे फार काही नव्हते, तरी जमवले त्यांनी. मधल्या काळात तिसरा हिस्सा माणसे यायची बंद झाली होती. त्यांची नोंद 'इच्छाशक्तीचा अभाव' या रकान्यात, सुवाच्य अक्षरात, केली गेली.

त्या रकान्यात चिमणीची मावशीही होती.

मावशी म्हणजे तिला वाढवणारी बाई. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे स्वतःचे बोलणे तोडून टाकण्यात वाकबगार. तिला मधुमेह होता. टाचेला एक जखम झाली होती आणि ती भरायचे नाव घेत नव्हती. चिमणीने तिला केंद्रात नेले. भुकटी हे निमित्त, तिथला डॉक्टर पाय पाहील हा खरा बेत. पण पहिल्या खेपेनंतर मावशीने केंद्रच काय, कोणत्याही दवाखान्याची पायरी चढणे सोडून दिले. टाचेभोवतीची कातडी आता काळपट दिसू लागली होती, आणि पाय गमावलेली माणसे चिमणीने पाहिली होती.

"मावशी, उद्या येतेस का? नुसता पाय दाखवायला."

"उद्या मला काम आहे."

"काय काम?"

"न येण्याचं."

चिमणी जमिनीवर बसून ड्रेसिंग बदलत होती. तिने वर पाहिले नाही. "तिथं तुला कुणी काही बोललं का?"

"बोललं कुणी नाही गं. मी बसले. नाव पुकारलं तशी उठले, तर खुर्चीही माझ्यासोबत उठली. इतकी निष्ठा तर तुझ्या काकांनीही दाखवली नव्हती."

"मग?"

"मग दोघांनी मला धरलं, दोघांनी खुर्चीला. तुमचे ते काडीपैलवान आतून धावत आले. म्हणाले, 'सावकाश, सावकाश.' मला वाटलं, चला, एक तरी माणूस निघाला. तर पुढं म्हणाले, 'नवीन आहे ती.'" मावशी हसली, पण हसू ओठांच्या कडेलाच थांबले. "खायला काळ नि भुईला भार, हे लहानपणापासून ऐकत आलेय. खुर्चीलाही भार, हे नवीन. आता पाय गेला तरी चालेल, पण तिथं नाही."

दुसऱ्या दिवशी चिमणीने न येणाऱ्या माणसांची पहिल्या दिवशीची वजने काढली. गटातली सर्वांत वजनदार माणसे तीच होती. सरासरी उतरली होती ती भुकटीने नव्हे. जड माणसे दारातून निघून गेली होती आणि उरलेल्या हलक्यांची सरासरी हलकी भरली होती. जे शेवटपर्यंत आले, त्यांचे वजन अर्धा किलो घटले होते. स्वेटर काढल्यावर घटते तेवढे.

संचालकांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांच्या टेबलामागची खुर्ची रुंद होती. तीत ते एखाद्या रिकाम्या पाकिटासारखे पडून होते.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाई," ते म्हणाले. "आणि 'प्राथमिक' हा शब्द कशासाठी असतो? उद्या भुकटीवाले शेठ स्वतः येतायत. वाचणार तुम्ही आहात. तुमच्या कायम होण्याचाही विषय निघेल."

"सर, खुर्च्या तरी बदलू या. ती माणसं परत येतील. काहींना उपचारांची फार गरज आहे."

"खुर्च्या संशोधनाच्या कक्षेबाहेर आहेत."

भुकटीवाल्या शेठना केंद्रात कुणीच पाहिलेले नव्हते. डब्यावर एक वेतासारखा तरुण धावत असे, आणि मालकही तसाच असणार असा सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात जे सभागृहात आले, ते दारातून आधी अंमळ तिरपे झाले आणि मग आत आले. सभागृहातही त्याच निळ्या खुर्च्या होत्या. संचालकांनी पहिल्या रांगेतली खुर्ची अदबीने पुढे केली.

शेठनी तिच्या हातांकडे पाहिले. मग खिडकीकडे.

"नको," ते म्हणाले. "बसून बसूनच कंटाळा आलाय."

चिमणीच्या हातातला अहवाल तसाच राहिला. समोर शेठ नव्हतेच. भिंतीला टेकलेली ती सगळी माणसे एकाच कोटात उभी होती. चिमणी बाहेर गेली, आपल्या खोलीतले स्टूल उचलून आणले आणि त्यांच्याजवळ ठेवले. सभागृहात कुणीतरी खोकले. शेठनी स्टुलाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि बसले. त्यांच्या छातीतून निघालेला श्वास शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

"आता सांगा, बाई."

तिने सांगितले. सरासरी कशी उतरली, कोण गेले, का गेले. खुर्चीसकट उठलेल्या एका बाईविषयीही सांगितले. ती आपली मावशी आहे हेही. संचालक छताच्या एका कोपऱ्यात राहायला गेले होते.

"म्हणजे माझ्या भुकटीनं काहीच होत नाही?" शेठनी विचारले.

"दुपारपर्यंत पोट भरलेलं राहतं."

"ते मला ठाऊक आहे. सात वर्षं घेतोय." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले. "हे छापू नका. आणि त्या खुर्च्या उद्या मला इथं दिसायला नकोत."

सत्याचा विजय झाला, असे म्हणायला हरकत नाही. भुकटीच्या डब्यावर तेवढे 'संशोधन सुरू आहे' असे छापून आले, आणि तेही खोटे नव्हते. खुर्च्या संचालकांच्या घरी गेल्या आणि त्यांच्या जागी बिनहातांची बाके आली. चिमणीच्या कायम होण्याचा विषय मात्र निघाला नाही तो नाहीच. तिने गळालेल्या प्रत्येकाला फोन केला, बाके आल्याचे सांगितले, आणि फोनच्या पलीकडच्या शांतता ऐकल्या. मावशीला फोन पुरला नाही. बाकाचा फोटो दाखवावा लागला, आणि त्यावर बसलेल्या शेठचाही.

माणसे परतू लागली तशी सरासरी चढू लागली. एकेक जण काट्यावर उभा राही आणि आलेखाची रेघ वर सरके. संचालक त्या रेघेकडे पुराचे पाणी पाहावे तसे पाहत.

मावशी आली त्या सकाळी डॉक्टरने टाच पाहिली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, आणि म्हणाला, "आठवडाभर आणखी उशीर केला असतात तर कापावा लागला असता. आता वाचवू."

बाहेर येऊन मावशी बाकावर ऐसपैस बसली. वजनाचा आकडा तिने विचारला नाही. चिमणीने नोंदवला आणि रेघ पुन्हा वर गेली.

"बुडवलं का गं मी तुझं संशोधन?"

"बरंचसं."

"मग बस आता निवांत," मावशी म्हणाली आणि शेजारी हात थोपटला. "जागा आहे, चिमणे."