सावरखेड्याचं हिरवं

"सावरखेडा मंडळ हिरवं आहे. म्हणजे यादीतून बाद," शिवमूर्तीच्या खुर्चीमागे उभे असलेले बिराजदार साहेब म्हणाले. "पुढचं काढा."

शिवमूर्तीने पुढचं काढलं नाही. माउसवरचा हात तसाच ठेवून तो स्क्रीनकडे बघत राहिला. उपग्रहावरून आलेल्या चित्रात लातूर जिल्ह्यातली पिकं जिथे वाळली होती तिथे तपकिरी रंग होता. रेणापूर तपकिरी, चाकूर तपकिरी, अहमदपूर तालुकाही तपकिरी, आणि त्यात सावरखेडा मंडळातली अठरा गावं तेवढी पोपटी. शिवमूर्ती स्वतः सावरखेड्याचा. रविवारीच तो गावाकडे जाऊन आला होता. सोयाबीन घोट्याएवढं वाढून करपलं होतं, शेंगा दाबल्या तर आत दाणा लागत नव्हता. मग हे हिरवं आलं कुठून, हे त्याला काही केल्या समजेना.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. चार वाजता दुष्काळी मंडळांची यादी मुंबईला जायची होती. यादीत नाव आलं तर टँकर, चारा छावणी, पोरांना परीक्षेची फी माफ. राहिलं तर पुढच्या मृगापर्यंत माणसांनी आणि ढोरांनी आपापलं बघायचं. आणि यादी एकदा गेली की तिच्यात नाव घुसवणं कुणाच्या बापाला जमणारं नव्हतं.

"साहेब, यात कायतरी गफलत हाय," शिवमूर्ती म्हणाला.

"चित्र सगळ्या जिल्ह्यात बरोबर आणि नेमकं तुमच्या गावात चुकलं?"

बाजूच्या टेबलावरचे दोघे हसले. साहेब काही वाईट माणूस नव्हता, पण त्याला घाई होती. उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी आवई पुन्हा उठली होती आणि त्याच्या नकाशासाठी संध्याकाळी बैठक लागली होती. तुमचं गाव म्हणून मी मंडळ आत घेतलं असं उद्या लोक म्हणतील, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं. अडीचपर्यंत चूक दाखवा, नाही सापडली तर बाद, असं बजावून ते आपल्या खोलीत गेले.

शिवमूर्ती हा अनुरेखक. म्हणजे नकाशावर पारदर्शक कापड अंथरून खालची रेघ वर जशीच्या तशी उतरवणारा माणूस. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, आणि जिल्ह्याची नवी हद्द काळ्या शाईने ओढायचं काम त्याला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मिळालं होतं. पुढे आठ-दहा साहेब आले आणि बढती घेऊन गेले. शिवमूर्ती अनुरेखक म्हणून चिकटला तो अनुरेखकच राहिला. शाई गेली, कापड गेलं, कॉम्प्युटर आला. आता हा बाबा घरी बसणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, तर या गड्याने पन्नाशीत माउस धरायला शिकून सगळ्यांची तोंडं बंद केली. निवृत्तीला आता सहा महिने उरले होते. आयुष्यात त्याने फार दिवे लावले नव्हते, पण त्याच्या हातून एकही रेघ कधी खोटी गेली नव्हती. याचा त्याला गर्व होता. तो बोलून दाखवत नसे, एवढंच.

जमीन एकच, पण तिची तीन चित्रं यायची. ऑफिसात त्यांना कच्चं, धुतलेलं आणि फरकाचं अशी नावं पडली होती. कच्च्या चित्रात हिरवं रान लाल दिसे, कारण डोळ्याला न दिसणारा उजेडही तो कॅमेरा टिपतो. शिवमूर्तीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जिल्हा पेटला की काय असं त्याला वाटलं होतं. धुतलेल्यात ढग काढून, डाग पुसून पिकाचा जोम तपकिरीपासून हिरव्यापर्यंत रंगांत मांडलेला असे. आणि फरकाच्या चित्रात, चांगल्या वर्षांच्या मानाने यंदा पीक किती वाढलं किंवा घटलं, तेवढंच दिसे; मंडळाची सरासरी काढून अख्ख्या मंडळाला एकच रंग दिला जाई. निकाल लागायचा तो फरकाच्या चित्रावर. कच्चं कुणी उघडतही नसे. धुतलेलं हाताशी असताना मळकं कोण बघणार?

शिवमूर्तीने कच्चं उघडलं. एका चांगल्या वर्षाचं चित्र खाली घेतलं, त्यावर यंदाचं ठेवलं आणि मधली पट्टी डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवायला सुरुवात केली. पट्टी पुढे जाईल तसं जुनं लाल रान झाकलं जाऊन यंदाचं राखाडी रान वर येत होतं. एकेक गाव असं विझत चाललं होतं. पट्टी मंडळाच्या मध्यावर आली आणि तिथे उलटंच घडलं. चांगल्या वर्षी जे काळं होतं, ते यंदा लालभडक होतं. त्याने पट्टी मागे घेतली. काळं. पुढे नेली. लाल.

त्या काळ्या डागाची कड त्याला ओळखीची होती. त्यानेच ती दोनदा शाईने काढली होती. तो सावरखेड्याचा तलाव होता.

मग सगळं भराभर उलगडलं. चांगल्या वर्षी तलाव भरलेला असायचा. पाण्यात पीक नसतं, म्हणून मशीन तेवढा भाग उजाड धरायचं आणि मंडळाची सरासरी त्याने खाली ओढली जायची. यंदा तलाव आटला होता आणि आटलेल्या तळाच्या ओलसर गाळात लोकांनी पेरलं होतं. त्याला गाळपेर म्हणतात. त्या सहाशे हेक्टरांतलं तरारलेलं पीक मशीनने अठरा गावांच्या नावावर वाटून टाकलं होतं. तळ्यातलं पाणी संपलं म्हणून मंडळ सुधारलं, असा हा न्याय. शिवमूर्तीला हसू आलं, पण ते टिकलं नाही.

कारण तलावाच्या पूर्वेच्या कडेला एक चौकोन सगळ्यांत गडद लाल होता, आणि तो त्याच्या बहिणीचा होता.

नीलाबाई त्याची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली होती आणि दोन म्हशी, एक गाय यांच्या जिवावर राहत होती. तलावाच्या तळात तिने दोन एकर ज्वारी पेरली होती. गाळपेरीला परवानगी लागते. तिने ती मागितलीही होती, पण कागदोपत्री तलावात पाणी होतं, म्हणून अर्ज परत आला. शेवटी तिने, आणि गावातल्या झाडून सगळ्यांनीच, विनापरवाना पेरलं. तलावावर देखरेख करणारा पाटकरी दोनदा येऊन सांगून गेला होता की वरून विचारणा झाली तर उभ्या पिकात ट्रॅक्टर घालावा लागेल.

दीड वाजता शिवमूर्तीने साहेबांना बोलावून दोन्ही चित्रं दाखवली. साहेबांनी स्वतः पट्टी तीन-चारदा मागेपुढे करून पाहिली आणि खुर्ची ओढून खाली बसले. चूक त्यांना पटली. तलाव वगळून सरासरी पुन्हा काढा, असं ते म्हणाले. पण हे तोंडी चालणार नव्हतं. तलाव कोरडा आहे, तळात परवानगी नसलेलं पीक उभं आहे, म्हणून तो भाग वगळला, अशी टिपणी शिवमूर्तीच्या सहीने लागणार होती. आजचा फोटो लागणार होता. आणि एक प्रत, तलाव ज्यांचा त्या पाटबंधारे खात्याला जाणार होती.

"त्यांना प्रत द्यावीच लागती का, साहेब?"

"तलाव त्यांचा आहे. का हो?"

"न्हाई, सहज इचारलं," शिवमूर्ती म्हणाला आणि मोबाइल घेऊन व्हरांड्यात गेला.

नीलाबाईने फोन उचलताच त्याने तलावातल्या पिकाचा फोटो मागितला. आत्ताच्या आत्ता.

"तुमच्या मशीनीत माझी ज्वारी दिसून राहिली व्हय, अण्णा?"

त्याने तिला सगळं सांगितलं. प्रत कुठे जाणार तेही सांगितलं.

"कणसं दुधात हायेत," ती म्हणाली. "पंधरा दिस दम न्हाई का धरता येत?"

"चार वाजता यादी जाती, नीला."

"आन् तुमी न्हाईच लिवलं तर?"

"तर अठरा गावाला टँकर न्हाई. छावणी न्हाई."

"मला तर माझ्यापुरतं हाय की," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याने ओशाळली. मग म्हणाली, "काढते फोटो."

त्याने सुचवलं की शेजारच्या निवृत्तीच्या रानाचा काढ, ते तलावाच्या मधोमध आहे, फोटो चांगला येईल.

"त्याच्या रानाचा कामून? माझं काय पडीक हाय?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

दहा मिनिटांत फोटो आला. खांद्याला लागेल एवढी ज्वारी, हिरवीगार, आणि तिच्यावर फोटो काढणाऱ्या बाईची सावली पडलेली. शिवमूर्तीने तो टिपणीला जोडला.

आता तलावाची कड काढायची होती. माउसने एकेक ठिपका देत जायचं, ठिपके जोडले जाऊन रेघ होते, आणि रेघेच्या आतलं सगळं तलाव म्हणून वगळलं जातं. टिपणीसोबत हाच नकाशा त्या खात्याला जाणार होता. उत्तरेची कड झाली, सांडव्याची झाली. पूर्वेला आल्यावर त्याचा हात थांबला. इथे तीन ठिपके जरासे आत दिले की नीलाचे दोन एकर तलावाबाहेर पडत होते. मग ते काठावरचं साधं रान. अठरा गावांच्या सरासरीत दोन एकरांनी काडीचाही फरक पडला नसता. साहेबांना कळलं नसतं, मुंबईला कळलं नसतं. या जिल्ह्यात ती रेघ खोटी आहे हे ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो तिथेच बसला होता.

त्याने ठिपके आत दिले.

रेघ सुरेख दिसत होती. घड्याळात सव्वातीन झाले होते. साहेबांनी दारातून एकदा डोकावून किती राहिलं ते विचारलं आणि शिवमूर्तीने होतच आलं म्हणून सांगितलं. चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि ती चोरीच होती. आपल्याच माणसासाठी केली तर काय बिघडलं, असंही वाटत होतं, आणि तेही खोटं नव्हतं. त्याला स्वतःचा राग आला. मग नीलाचा आला, कारण तिने एका शब्दानेही तसं कर म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

साडेतीनला त्याने ते तीन ठिपके पुसले आणि जिथे असायला हवे तिथे दिले. कड पूर्ण झाली. मशीनने सरासरी पुन्हा काढली, आणि सावरखेड्याचं पोपटी उतरून मंडळ शेजारच्या मंडळांसारखं तपकिरी झालं. त्याने टिपणीवर सही केली. चारला दहा कमी असताना यादी गेली. बारकाईने पाहिलंत, असं म्हणून साहेब बैठकीला निघाले.

यादी मंजूर झाली. आठवड्याभरात सावरखेड्यात टँकर सुरू झाला आणि शाळेमागच्या माळावर छावणी पडली. शिवमूर्तीला गावाकडून लोकांचे फोन आले, नीलाचा मात्र आला नाही. त्यालाही करायचा धीर झाला नाही. त्या खात्याला गेलेली प्रत कुठल्या टेबलावर पोचली, ट्रॅक्टर निघाला की निघायचा आहे, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

बाराव्या दिवशी नवीन चित्र आलं. त्याने सगळ्यात आधी कच्चं उघडून तलाव मोठा करून पाहिला. तलाव सगळा लालच होता. निवृत्तीचं रान लाल, त्याच्या पलीकडची रानं लाल. म्हणजे कुणी आलंच नव्हतं. त्याने मोकळा श्वास घेतला आणि मग पूर्वेची कड पाहिली. तिथे एक राखाडी चौकोन होता. नेमका दोन एकरांचा.

एकट्या विधवा बाईचंच रान सापडलं काय यांना, म्हणून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने तिथूनच फोन लावला.

"ट्रॅक्टर कोन घेऊन आलं होतं?"

"कुनी न्हाई आलं," नीला म्हणाली. "म्याच कापली. फोटो काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"कणसं भरायच्या आत?"

"तुमी सही करून दिली, अण्णा. समद्या गावचं पीक त्या कागदावर लिवलं. त्याहिच्या रानात ट्रॅक्टर फिरला असता आन् तुमची बहीन म्हनून माझी ज्वारी उभी ऱ्हायली असती, तर मी कुन्या तोंडानं पान्याला गेले असते? भावानं बहिनीचं तेवढं राखलं म्हनले असते."

"पर ट्रॅक्टर तर आलाच न्हाई."

"हाव, न्हाई आला. बरंच झालं की." मग तिने चाऱ्याचं सांगितलं. हिरवी वैरण छावणीत टाकली, गावच्या ढोरांना चार दिवस पुरली. आणि टँकर आलाय, नंबर जाईल, म्हणून तिने फोन ठेवला.

बहिणीची वर्षाची भाकर गेली होती, आणि ती कुणी हिसकावली नव्हती. शिवमूर्तीने एवढी मोठी मानलेली आपली सही त्याला त्या क्षणी फार स्वस्त वाटली.

बिराजदार साहेब फेरी मारत मागे येऊन उभे राहिले. त्यांनी स्क्रीनवरच्या राखाडी चौकोनावर बोट ठेवलं आणि हा डाग कसला म्हणून विचारलं.

"डाग न्हाई, साहेब. तिथलं पीक कापलंय."

"बरं. एवढंसं धुतलेल्यात दिसणारही नाही," असं म्हणत साहेब पुढच्या टेबलाकडे गेले.

शिवमूर्तीने धुतलेलं उघडून पाहिलं. साहेबांचं खरं होतं. धुताना बारीकसारीक जागा आजूबाजूच्या रंगात मिसळून जातात. पूर्वेच्या कडेला तलाव सलग हिरवा होता आणि तिथे काही कमी झाल्याची खूणही नव्हती. त्याने ते चित्र बंद केलं. कच्चं मात्र स्क्रीनच्या एका कोपऱ्यात उघडं ठेवलं आणि पुढच्या मंडळाचं काम सुरू केलं.